गट नंबर दोनशे अकरा

कुऱ्हाड बैलाच्या मागच्या पायावर बसली होती,
खुराच्या वर चार बोटं.
टेप चौकीत राहिला होता,
म्हणून बोटांनीच मोजलं
आणि पंचनाम्यात लिहिलं: अंदाजे तीन इंच.

हिवरदऱ्याच्या गायरानात त्या चैतात
हिरवं म्हणावं असं एकच,
माझ्या मोटरसायकलचं सीट कव्हर.

धोंडीराम सावंत म्हणाला, "लिवा, हवालदार.
खरसुंडीच्या जत्रंत ह्याला दीड लाख मागितलं, दिला न्हाई.
मेंढरांनी गवताची मुळं उपसली,
वर तोंडाचा वास ठेवला मागं,
तितं माजी जनावरं नाक लावंनात. लिवा."
मी लिहिलं: चाऱ्यावरून जुना वाद.

मायाप्पा कोळेकर तळ्याच्या पलीकडं.
मानेमागं काठी आडवी, तिच्यावर दोन्ही हात टाकलेले.
"परवा राती वाघरंत कुत्री सोडली कुनी.
सव्वीस कोकरं.
ते कुटं लिवलंसा?"
"तू चौकीत आला नाहीस."
"आलो असतो तर च्या पाजला असता तुमी.
सावंताच्या दुदाचा."

खरं होतं.
चौकीला रोज दीड लिटर सावंताच्या गोठ्यातनं येतं,
हिशेब महिनाअखेर,
आणि महिनाअखेर काही येत नाही.

आणि रात्रपाळीला मी पांघरतो
ते घोंगडं मायाप्पाच्या मेंढरांचं.
पैसे देऊ केले तर त्याची आई म्हणाली,
पोलिसाकडनं पैसं घेतलं म्हणून सांगितलं
तर गावात कुनाला खरं वाटंल?

जतहून साहेबांचा फोन.
दोन्हीकडच्या पाच-पाच जणांना एकशे सात लावा,
विषय संपवा.
विषय उभा होता तीन पायांवर,
चौथा टेकवत नव्हता.

तलाठ्याकडनं नकाशा मागवला.
गायरान: एकशे चाळीस एकर.
मी उन्हात पावलांनी मोजत गेलो
तर पवनचक्क्यांपाशी तार आडवी आली.
तारेवर पाटी, पाटीवर कवटी आणि दोन हाडं.
अलीकडं उरलेलं त्रेचाळीस, खडक धरून.

हे कुठं लिहायचं?
फॉर्मवर रकाने आहेत:
आरोपीचं नाव, बापाचं नाव, वय, जात, धंदा.
मी बराच वेळ पेनचं टोपण चावत बसलो.
वरती पाती फिरत होती,
सावली गवतावरून जायची, यायची,
आणि सावंताची वासरं दर खेपेला बिचकायची.

त्या रात्री मी गोठ्यामागच्या बांधावर होतो,
कुणी पुन्हा काही करू नये म्हणून.
घोंगड्यात. काळ्यात काळा.
दोनच्या सुमाराला सोमलिंग आला,
मायाप्पाचा धाकटा, तेरा-चौदाचा.
हातात सीताफळाचा ठेचलेला पाला.
बॅटरी नव्हती, चांदणं नव्हतं.
चाचपडला नाही.
हात सरळ गेला तिथं,
खुराच्या वर चार बोटं.

बैलानं पाय ओढून घेतला नाही.
पोरगा काहीतरी बोलत होता त्याच्याशी,
कानडीत की आपल्यात, ऐकू आलं नाही.
मला खोकला आला.
मी घोंगडं तोंडात कोंबलं,
लोकर जिभेला चिकटली.

सकाळी दोन कागद केले.
पहिल्यावर बैल, आरोपी अज्ञात.
दुसऱ्यावर कोकरं, सव्वीस, आरोपी अज्ञात.
कुत्री कुणाची, ते मला ठाऊक होतं.
एकानं तर रोज माझ्या हातचं बिस्किट खाल्लेलं.

आता सावंत म्हणतो, हवालदार घोंगड्याला मिंधा.
मायाप्पा म्हणतो, दुधाला.
दूध बंद झालंय, चौकीत कोरा चहा असतो.
घोंगडं परत नेलं तर म्हातारीनं घेतलं नाही,
बाजेवर तसंच ठेवून आलो.
दुसऱ्या दिवशी चौकीच्या खिडकीत होतं.

नकाशा टेबलाच्या काचेखाली घातलाय.
येणारा बघतो, विचारतो,
हे कुठलं एवढं मोठं रान?
मी म्हणतो, बसा,
साखर जरा कमी आहे.